पायरीपर्यंत

"कोण पावणं?" आईनं विचारलं. "पिरिया शाळंत गेलीया. बसा की. येईलच एवढ्यात."

मी पायरीखाली उभी होते. खांद्याला पर्स, हातात मेथीची पेंडी, आणि "आई, सरक जरा" एवढंच मी म्हणाले होते. आई नेहमीसारखी दाराच्या पायरीवर चौकटीला पाठ लावून बसलेली, तोंड बोळाकडे. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेल्याला चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती माणूस ओळखायला एकदाही चुकली नव्हती. आमच्या बोळात आता तो रिवाजच पडलाय. येणारा-जाणारा तिच्यापुढून मुकाट्यानं जात नाही. "आत्ती, मी आकाराम, चाललो कामावर." "शेवंताकाकू, दळाण घिऊन आले." नाव सांगायचीही तशी गरज नसते, माणसानं तोंड उघडलं की आईनं नाव घेतलेलं असतं, आणि वर "काल जत्रंत बोंबललास वाटतं रं" असं पदरचं काहीतरी जोडलेलंही असतं. धोंडुबाई तर नुसती खोकली तरी आई सांगते, ती गिरणीकडनं आली की नळाकडनं. आणि मी? मी बोळाच्या तोंडाशी कुणाशी तरी हुज्जत घालत यायची, आई तिथूनच ओळखायची आणि मी पोचेपर्यंत पायरीवर माझ्यापुरती जागा करून सरकून बसलेली असायची. ह्या बाईनं, माझ्या जन्मदात्रीनं, मला पावणं म्हटलं. तेही किती अदबीनं!

"आई, मी हाय की," मी म्हणाले. आवाज निघाला तो माझाच, म्हणजे गेले चार महिने जो निघत होता तो: वरून खरबरीत, मधेच तुटणारा, शेवटचं अक्षर नुसत्या वाऱ्याचं. आईनं मान तिरकी केली, पुन्हा ऐकल्यासारखं केलं, आणि मग तिचा हात वर आला. माझा हात धरला, बांगड्या चाचपल्या, मग गाल, कपाळ, चष्मा. "अगं बया! तूच व्हय! घसा लईच बसलाय की गं तुझा," म्हणून हसली. मीही हसले. आत जाऊन मेथी निवडायला बसले, आणि देठ खुडता खुडता लक्षात आलं की आपण रडतोय. तिचं चुकलं म्हणून नव्हे. तिनं मला हातानं तपासून घरात घेतलं, म्हणून.

घसा दसऱ्यापासून बसला होता. आता शिक्षकाचा घसा बसणं ही काय बातमी आहे? खडू, धूळ, चौथीचा वर्ग, वर पत्रा, आणि भिंतीपलीकडे वेल्डिंगचं दुकान. आमच्या शाळेत प्रत्येकाचा घसा बसतो आणि प्रत्येकाकडे त्यावर औषध असतं. एकीनं ज्येष्ठमध दिला, एकीनं खडीसाखर आणि मिरी. हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, विड्याच्या पानात लवंग झाली. दोन दिवस बरं वाटायचं, की परत भसाडा. सकाळी उठल्यावर घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं म्हणून मी खाकरायची. खाकरलं की क्षणभर मोकळं, की परत तेच. मग मी माझं डोकं चालवलं. आवाज वाचवायचा ठरवलं. वर्गात टेबलावर पट्टी आपटायची आणि पोरं गप्प झाली की कुजबुजत शिकवायचं. घरीही कुजबुजायचं. मला वाटलं, केवढी काटकसर करते मी! पण आमच्या गावात हळू बोलायची सोय नाही हो. इथं माणूस हळू बोलला तर समोरचा विचारतो, बरं न्हाय काय, नाहीतर, राग आलाय काय. भाजीवाली म्हणाली, "मोठ्यांदा बोला की बाई, कुणाचं चोरून न्हेताय व्हय?" रविवारी तांबडा रस्सा ओरपून, घाम पुसत, ताटावरून उठून सरळ अंथरुणावर पडायचं, हे तर माझं लहानपणापासूनचं सुख. त्याचा आणि घशाचा काही संबंध असेल हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

आणि हळू बोलणं मला जन्मात कुणी शिकवलंच नव्हतं. मला आवाज दिला तो बाबांनी. माझे बाबा, गणपती, गावच्या शाळेत चार वर्षं गेले ते वर्गाबाहेर पायरीवर बसून. सगळ्या पोरांनी एकत्र बसावं असा सरकारचा हुकूम त्याआधीच निघालेला होता, पण तो कोल्हापुरात. गावात पायरी होती. "मास्तर मोठ्यांदा बोलला तर माझी शाळा भरायची," बाबा सांगायचे. "त्येचा घसा धरला की मला सुट्टी." पुढे ते कोल्हापुरात येऊन कापडाच्या गिरणीत लागले, तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली, मग छप्पन साल आलं, बाबा बौद्ध झाले, आणि आवाज आणखी वर चढला. चार वर्षांनी मी झाले तर नाव ठेवलं संघप्रिया. शाळेतल्या मास्तरांना ते धड लिहिता येईना. बाबांनी त्यांच्यासमोर उभं राहून एकेक अक्षर असं सांगितलं की पलीकडच्या वर्गातली पोरं खिडकीत आली. मला घरी पाठ म्हणायला लावायचे तर स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसायचे. "म्हण. मला हितनं ऐकू आलं पायजे. आपली माणसं दबक्या आवाजात जगली आन दबक्या आवाजात मेली. तू खणखणीत बोल." मी बोलले. वक्तृत्वात ढाल आणली. डी.एड. झाले, मास्तरीण झाले, आणि पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिले तेव्हा समोर पन्नास पोरं असताना माझी नजर दाराबाहेरच्या पायरीवर गेली. तिथं अर्थात कुणी नव्हतं. तरी मी वीस वर्षं त्या पायरीपर्यंत बोलत राहिले. आता एखादी शहाणी डॉक्टरीण मला सांगेल की बाई, हळू बोला, आणि मी ते ऐकेन? बाबा वरून काय म्हणतील, हा प्रश्नच नाही, आम्ही वरचं काही मानत नाही. पण पायरीवरून काय म्हणतील?

पावणं म्हटल्यानंतर मात्र मी डॉक्टरकडे गेले. खरं कारण सांगते. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी चुलत्याची गोष्ट निघाली होती, असाच आवाज बसला, असंच खडीसाखरेवर वर्ष काढलं, आणि मग तपासलं तर गळ्यात गाठ, तीही पसरलेली. मी चहा अर्धा टाकून उठले होते. तेव्हापासून रोज गिळताना मी गिळण्याकडे लक्ष देत होते. बाबा चौऱ्याण्णव साली गेले ते छातीच्या दुखण्यानं. शेवटी शेवटी त्यांचा आवाज नुसता वारा झाला होता. मी खाटेच्या पायाशी उभी राहून "काय म्हणताय? मोठ्यांदा बोला!" असं म्हणत होते. हे सारखं आठवायला लागलं. माझा नवरा प्रसेनजीत जयसिंगपूरला बँकेत आहे, रोज एसटीनं जाऊन-येऊन करतो, आणि लग्नापासून त्यानं माझ्याशी आवाज चढवलेला नाही; चढवून काय उपयोग नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. तो म्हणाला, "प्रिया, उद्या मी रजा टाकतो. राजारामपुरीत घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ." मी म्हटलं, काही गरज नाही. तो म्हणाला, "बरं," आणि रजा टाकली.

डॉक्टर बाईच होत्या, वयानं माझ्याएवढ्या, कामात चटपटीत. जीभ कापडात धरून बाहेर ओढली, घशात एक नळी घातली, आणि "ईऽऽ म्हणा" म्हणाल्या. शेजारी टीव्हीवर चित्र उमटलं. लाल, ओलं, आणि मधे दोन पांढऱ्या पट्ट्या, खाली उघडणाऱ्या, वर जुळलेल्या. मी ई म्हणायचा प्रयत्न केला की त्या धावत जवळ येत आणि थरथरत, पण पूर्ण मिटत नसत. मधे दोन्हीकडे एकेक टेंगूळ, जोंधळ्याच्या कणीएवढं, एकमेकांना टेकलेलं. त्याच्या अल्याडपल्याड फट. त्या फटीतून वारा जाताना मला दिसत नव्हता, ऐकू येत होता. चाळीस वर्षं ज्याच्या जोरावर मी भांडले, शिकवलं, वंदना म्हटली, ते हे एवढंसं? नखाएवढं? मला त्यांची दया आली. स्वतःच्या शरीराची अशी दया मला कधी आली नव्हती.

"कॅन्सर आहे का?" नळी निघाल्याबरोबर मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही. घट्टे आहेत." त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं आणि सावकाश बोलल्या. "खुरपं धरून हाताला पडतात ना, तसे. दोन्ही स्वरतंतू दिवसभर एकमेकांवर आपटून पडलेत. पण मॅडम, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसला की दाखवायला यायचं असतं. तुम्ही चार महिने काय करत होतात?"

"शिक्षकांचा आवाज बसतोच."

"बसतोच म्हणून तुम्ही सगळे उशिरा येता. आणि आवाज वाचवायला काय केलंत?"

मी अभिमानानं सांगितलं, कुजबुजत होते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कुजबुजताना तंतूंवर ताण कमी होत नाही, उलट वाढतो, म्हणाल्या. आणि हे सारखं खाकरणं, ते म्हणजे टेंगळावर टेंगूळ आपटणं. घशाच्या मागच्या बाजूला लाली आहे, रात्री जेवून लगेच आडव्या होता का? तिखट? प्रसेनजीतनं मान हलवून तिखटाची सगळी माहिती पुरवली, फितूर कुठला. मग हुकूम सुटले. आठवडाभर पूर्ण मौन. कुजबूजसुद्धा नाही. पाणी पीत राहायचं, वाफ घ्यायची, खाकरायचं वाटलं की घोट घेऊन गिळायचं, जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास, चहा कमी. त्यानंतर आवाजाचे व्यायाम, काही महिने. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय भागतं. "आणि आधीचा आवाज परत येईल का?" मी विचारलं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता थांबल्या. "आधीचा म्हणजे कुठला? हे घट्टे काय दसऱ्याला पडलेले नाहीत. तुम्ही ज्याला आधीचा म्हणताय तो कदाचित निम्मा घट्ट्यांचाच असेल." मी बाहेर आले आणि रस्त्यावरच प्रसेनजीतला म्हणाले, ह्या बाईला काय कळतंय! तेच माझं मौनाआधीचं शेवटचं वाक्य.

आता बघा कशी गंमत झाली. मुकं माणूस लिहून दाखवतं, खुणा करतं. पण माझ्या घरात जिला सांगायचं तिला दिसत नव्हतं. ब्याण्णव साली साक्षरतेच्या वर्गात मीच आईला अक्षरं शिकवली होती. पंचावन्नच्या आसपासची बाई, कंदिलात नाही, चांगल्या बल्बखाली, पाटीवर श काढताना जीभ बाहेर काढायची. मी वर्गात असते तशीच घरात. "आई, मोठ्यांदा म्हण! तोंडात काय पुटपुटतेस?" ती रागवायची नाही. "पुन्यांदा सांग, शिकते मी," म्हणायची. हे तिचं पालुपदच होतं. शेवंता लिहायला आलं, गणपती लिहायला आलं, एसटीची पाटी वाचून एकटी हुपरीला मावशीकडे जाऊन आली, आणि मग पाच वर्षांत डोळेच गेले. मला त्या अक्षरांचा इतका राग आला होता. एवढ्या कष्टानं दिली आणि वापरायला पाच वर्षं.

मौनाच्या पहिल्या दिवशी आईनं मला दोन-तीन हाका मारल्या. मी जवळ जाऊन हात धरला. प्रसेनजीतनं आदल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. हातावर एकदा दाबलं की होय, दोनदा की नाही. तरी ती चिडली. "मुकी झालीस व्हय? माझ्याफुडं कोण हाय त्येच कळंना." मी तिच्यासमोर बसलेली असून तिच्या लेखी नव्हते, याचा मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. माणूस म्हणजे एवढंच काय? मी भांडी मुद्दाम आपटून ठेवायला लागले, चपला घासत चालायला लागले, पदर झटकायला लागले. दुपारी पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसले. याआधी कधी बसले होते? मी येताना तिनं जागा करायची आणि मी त्या जागेवरून ओलांडून आत जायची, हीच आमची पद्धत होती. बोळातून माणसं जात होती, आपापली नावं सांगत होती, आई त्यांना उत्तरं देत होती. मधे कुणी नसलं की शांत. तसल्या शांततेत एकदा ती अचानक बोलायला लागली, आणि माझ्याशी बोलत्येय की स्वतःशी, हे मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"लगीन झाल्यावर तुझा बा मला बी म्हनायचा, मोठ्यांदा बोल. मला जमायचंच न्हाय गं. आमच्या आईनं लहानपनापास्नं तोंड दाबून वाढिवलेलं. मग तू झालीस. त्येनं तुला शिकवलं, आन मी म्हटलं, बरं झालं, सुटले. घरात दोन तोफा असल्यावर तिसरी कशाला?" ती हसली. मी तिच्या हातावर दाबलं, एकदा. "पर त्येला हळू बोलाय येत हुतं हां. तुला म्हाईत न्हाय. शेवटाला दवाखान्यात त्येचा आवाज गेला, तू म्हनायचीस, बाबा मोठ्यांदा बोला. तू घरला गेल्यावर त्यो माझ्याशी बोलायचा, कानापाशी. बारीक आवाजात. गावाकडचं, शाळंचं, त्या पायरीचं. जलमात पयल्यांदा एवढं बोलला माझ्याशी. लई ग्वाड आवाज हुता गं त्यो." मला विचारायचं होतं, काय बोलायचे, काय सांगितलं, मला का नाही सांगितलंस. तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं मी तिच्या प्रत्येक वाक्याच्या मधे बोलत आले होते. मी बोलू शकत असते तर याही वाक्याच्या मधे बोलले असते आणि ते पुढे आलंच नसतं. हे मला कळलं तेव्हा मला स्वतःची चीड आली, आणि डॉक्टरीणबाईचीही आली, कारण त्या बरोबर होत्या.

त्याच आठवड्यात माघी पौर्णिमा होती. विहारात वंदना मी सांगते. मी एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी मागून, असं कितीतरी वर्षं. त्या दिवशी संघर्ष नावाच्या कॉलेजातल्या पोरानं सांगितली आणि मी आईचा हात धरून मागे बसले. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणून सगळे मागून म्हणाले, आणि माझ्या उजव्या कानाशी एक आवाज आला. बारीक. न थरथरणारा, न घाई करणारा. प्रत्येक अक्षर सुटं, शेवटचा अनुस्वार पुरा मिटेपर्यंत धरलेला. मी वळून पाहिलं. आई. मी तिला वंदना म्हणताना उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, कारण ती म्हणायची तेव्हा पुढे मी असायची. सगळा विहार दणाणून सोडणारी! तो आवाज मोठा नव्हता, पण त्याला काही झालेलं नव्हतं. साठ वर्षं वापरलेला आणि कुठेही न झिजलेला. मी पूर्ण वंदनाभर तोच ऐकला. माझ्या घशात काहीतरी आलं आणि मी सवयीनं खाकरणार, तेवढ्यात पिशवीतली बाटली काढून घोट घेतला.

मग क्रांती आली. म्हणजे मीच तिच्याकडे जायला लागले, आठवड्यातून दोनदा. आवाजाचे व्यायाम शिकवणारी पंचविशीतली पोरगी. नाव क्रांती आणि बोलते अशी की शेजारचं मांजर उठू नये! पहिल्या दिवशी तिनं माझा एक हात पोटावर आणि एक छातीवर ठेवायला लावला. "मॅडम, श्वास घ्या. बघा, वरचा हात हलतोय. तुम्ही सगळं गळ्यावर उचलताय. खालचा हलला पाहिजे." ओठ मिटून नुसता म्म्म म्हणायचा, ओठांना मुंग्या आल्यासारखं होईपर्यंत. मग म्म्मच्या टोकाला एखादं अक्षर जोडायचं. मा. मी. आई म्हणताना सुरुवातीला माझा घसा कसा आवळतो आणि आ कसा दणकन आपटतो, ते तिनं टेपवर ऐकवलं. मी म्हटलं, "पोरी, माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत. पलीकडे वेल्डिंग. शेवटच्या बाकाच्याही पुढं पायरीपर्यंत जायला लागतं मला." ती म्हणाली, "मग जा की मॅडम." "काय?" "पायरीपर्यंत. आवाज कशाला पाठवताय? तुम्हीच चालत जावा."

मला तिचा असा राग आला की मी पुढच्या वेळी गेलेच नाही. प्रसेनजीतनं विचारलं नाही. मी घरात फणफणत राहिले, तोंडानं नाही, भांड्यांनी. बाबांनी बाहेर बसून जे मागितलं ते या कालच्या पोरीला काय माहीत? मास्तर मोठ्यांदा बोलला तर त्यांची शाळा भरायची. आणि मग पोळी लाटताना मनात आलं, मास्तर उठून पायरीशी आला असता तर? चार वर्षांत एकदा तरी? बाबांना मोठा आवाज हवा होता, की मास्तर जवळ यायला हवा होता आणि तो येणार नाही हे माहीत होतं म्हणून त्यांनी आवाज मागितला? पोळी करपली. त्यानंतरच्या खेपेला मी क्रांतीकडे गेले आणि पोटावर हात ठेवला.

शाळेत परत रुजू झाले तेव्हा बाकं हलवली, अर्धवर्तुळात नाही, तेवढी जागा नव्हती, पण मधे चालायला वाट ठेवली. पोरांना गप्प करायला टाळीचा एक ठेका शिकवला. वेल्डिंग सुरू झालं की मी बोलायची थांबते, वाचन देते. ते थांबलं की बोलते. पाण्याची बाटली टेबलावर. रस्सा रविवारीच, तोही दुपारी, आणि निम्मा पांढरा. लोकांना वाटतं मला काहीतरी मोठा आजार झालाय. वर्गातल्या एका पोरीनं सांगितलं, "बाई, तुम्ही आता जवळ येऊन बोलता तर भ्या वाटतंय." म्हटलं, वाटू दे. पुन्हा नळी घालून बघितलं तर टेंगळं निम्म्यानं बसलेली. फट बारीक झालेली. डॉक्टर म्हणाल्या, छान चाललंय. पण आवाज? आवाज खाली उतरला होता. खरखर गेली, वारा गेला, आणि मागे जो उरला तो मला अनोळखी होता. थोडा जाड, हळू, कडेनं मऊ. फोनवर बहिणी-बहिणी म्हणणाऱ्या मैत्रिणी "कोण बोलतंय?" म्हणायच्या. मला त्याचं काही नव्हतं. मला एकाच माणसाची धास्ती होती. मौन संपल्यापासून आईशी मी बोलत होते ते एखाददुसरा शब्द, हातावर दाबून, खुणेचा आधार ठेवून. नुसत्या आवाजावर मी तिच्यापुढे गेलेच नव्हते. पुन्हा तिनं "पावणं" म्हटलं असतं तर मला ते सोसलं नसतं.

चैत्रात जोतिबाची यात्रा होती त्या दिवशी शाळा लवकर सुटली. मोठ्या रस्त्यानं गाड्या भरभरून चालल्या होत्या, चांगभलं, गुलाल, कर्णे, नुसता गलका. बोळापर्यंत ऐकू येत होता. आई पायरीवर बसलेली, कान रस्त्याकडे. आधीची मी असते तर त्या सगळ्या गलक्यावर ताण करून बोळाच्या तोंडापासूनच "आई गं!" अशी हाळी दिली असती. छातीत तसा श्वास भरलाही होता. तो मी सोडून दिला. चपला काढून हातात घेतल्या, पायांचा आवाज होऊ नये म्हणून. फसवायला नव्हे, आधार नको म्हणून. पायरीशी आले. तिच्याशेजारी बसले, हात लावला नाही. पोटातून श्वास घेतला आणि तिच्या कानापाशी म्हटलं, "आई."

ती दचकली नाही. हललीही नाही. बराच वेळ तिनं नुसतं ऐकलं, म्हणजे मी बोलायची थांबले होते तरी ती ऐकत होती. मग हात पुढं आला. या वेळी गालाकडे नाही, गळ्याकडे. दोन बोटं माझ्या घशावर टेकवून ती बसली.

"ह्यो कुनाचा आवाज?"

"माझा."

"आन त्यो? आदुगरचा?"

"तोबी माझाच हुता की."

"न्हाय," आई म्हणाली. "त्यो तुझ्या बाचा हुता. त्यो गेला तवापास्नं रोज तुझ्या तोंडनं ऐकत हुते मी. तू बोळात आलीस की वाटायचं, आलं बाई गिरनीतनं." तिचे डोळे कोरडेच होते, माझे नव्हते. सात वर्षं तिनं जागा करून ठेवली होती ती कुणासाठी, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तर तो आवाज औषधपाणी करून, व्यायाम करून, घोटाघोटानं घालवला होता. "आई," मी म्हटलं, "त्यो आता यायचा न्हाय." ते म्हणताना माझा घसा आवळला आणि तिच्या बोटांना ते कळलं असणार, कारण तिनं बोटं जरा सैल केली.

रस्त्यावरून एक गाडी चांगभलं करत गेली. आईनं ती जाऊ दिली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "ह्यो मला ठावं न्हाय अजून." आणि पायरीवर सरकून अगदी माझ्या अंगाला लागून बसली. "पुन्यांदा म्हन. शिकते मी."